रेसच्या एस्टीमला तुकतुकीत पांढरा का दिला

गेल्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी माझी मारुती एस्टीम दुसऱ्यांदा रंगवली. ठाण्यात कोलशेतला मामांची पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे ग्रिल आणि गेटांचे फॅब्रिकेशन चाले. आता अर्धी शेड मोकळी असते आणि त्या अर्ध्या भागात ही गाडी राहते. मागची सीट, गालिचे आणि दारांची आतली आवरणे काढून, आत रोलकेज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) बसवून ती केवळ ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानावर कोन मांडून आखलेल्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीसाठी, ठेवलेली आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा ट्रेलरवर चढून मैदानावर जाते. अशा गाडीचा रंग तुकतुकीत असावा, मंद चकाकीचा सॅटिन असावा की न चमकणारा मॅट, या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले होते. दुसऱ्या वेळी ते शोधताना जे कळले, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

पहिला रंग मॅट काळा होता. तो निवडण्यामागे दिसण्याचा मोह होताच, पण खरे कारण पत्र्याच्या कामात होते. गाडी जुनी, दोन्ही बाजूंची दारे ठोकून सरळ केलेली, आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून घासण्याचा माझा हात तेव्हा अगदी नवा होता. तुकतुकीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो; समोरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दारावर सरळ न पडता वाकडेतिकडे पडले, की पत्र्यातला अर्ध्या मिलिमीटरचा चढउतारही डोळ्यांत भरतो. मॅट पृष्ठभाग मात्र प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे प्रतिबिंब उमटतच नाही आणि खालचे कच्चे काम झाकले जाते. घरी रंगवणाऱ्या बहुतेकांना मॅटची ओढ याच कारणाने वाटते, असे माझे मत आहे, आणि पहिले दोन महिने मलाही माझी निवड योग्यच वाटली.

पहिल्या ऑटोक्रॉसनंतर तिच्यातले दोष दिसू लागले. डाव्या दारावर प्लास्टिकचा कोन घासून नारिंगी पट्टा उमटला. तो थिनरच्या फडक्याने पुसला तेव्हा पट्टा गेला, पण पुसलेल्या जागेचा मॅटपणाही त्याच्याबरोबर गेला आणि तिथे एक चमकदार डाग कायमचा राहिला. मैदानावरची मुरुमाची तांबडी धूळ पृष्ठभागावर अशी बसली की शांपूच्या पाण्याने तीनदा धुऊनही गाडी करडी दिसे. ब्रशने घासावे तर पुन्हा चमक उमटे. पेट्रोलच्या झाकणाखाली ओघळाची एक फिकट रेघ तयार झाली. शेवटी ते दार मी पुन्हा रंगवले. रंग त्याच दुकानातला, त्याच नावाचा आणि फवारणीची गनही तीच होती, तरी दार शेजारच्या फेंडरपेक्षा (चाकावरच्या पत्र्यापेक्षा) निराळे दिसू लागले. उन्हात उभे राहून पाहिले की दार सॅटिन आणि बाकीची गाडी मॅट, हे कोणालाही सांगता आले असते.

असे का होते, हे समजण्यासाठी मॅट रंग कसा तयार होतो ते पाहावे लागते. रंगाच्या द्रवात सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. द्रावक उडून जाताना थर आक्रसतो, ती पूड वर येऊन पृष्ठभागाला सूक्ष्म खडबडीतपणा देते, आणि त्या खडबडीतपणावरच मॅटपणा अवलंबून असतो. थर जाड पडला, गन जवळून फिरली, रंगाच्या दोन हातांच्या (थरांच्या) मध्ये वाफ निघून जायला कमी वेळ मिळाला किंवा डबा नीट ढवळला नाही, तर पूड वेगळ्या प्रमाणात वर येते आणि चकाकी बदलते. चकाकी मोजण्याचे एक यंत्र असते. ते साठ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून वाचन देते. ढोबळमानाने १० एककांच्या खाली मॅट आणि ७० च्या वर पूर्ण तुकतुकीत मानतात. तुकतुकीत रंगात ८५ आणि ९० यांतला फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही, पण मॅटमध्ये ६ आणि १२ यांतला फरक लांबूनही दिसतो. कारखान्यातल्या बूथमध्ये तापमान, हवेचा प्रवाह आणि गनचा वेग बांधून ठेवता येतो. पत्र्याच्या शेडमध्ये, हाताने, दोन वेगवेगळ्या महिन्यांत तोच मॅट दोनदा जमवणे मला जमले नाही. शिवाय मॅट पृष्ठभागावर पॉलिश चालत नाही. तुकतुकीत रंगावरचा ओरखडा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडने उतरवता येतो, कारण तिथे पृष्ठभाग गुळगुळीत करणे हेच उद्दिष्ट असते. मॅटवर गुळगुळीत करणे म्हणजेच बिघडवणे, आणि मग अख्खा पॅनेल रंगवण्याशिवाय मार्ग उरत नाही.

मॅटच्या बाजूने नेहमी फॉर्म्युला वनचा दाखला दिला जातो. रेड बुलने २०१६ पासून मॅट रंग वापरला, २०१९ ची फेरारीही मॅट होती, आणि २०२३ मध्ये मर्सिडीजने वजन वाचवण्यासाठी बराचसा कार्बन रंगाविना काळाच ठेवला. त्याच मर्सिडीजची १९३४ ची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे: ७५० किलोंची मर्यादा एका किलोने ओलांडली म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला आणि खालच्या ॲल्युमिनियममुळे गाड्या चंदेरी झाल्या, असे त्या वेळचे संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर सांगत. इतिहास अभ्यासणाऱ्यांनी या गोष्टीवर शंका घेतली आहे, तरी रंगालाही वजन असते हा तिच्यातला मुद्दा खराच आहे. मात्र त्या संघांकडे रंगकाम करणारी स्वतंत्र माणसे असतात, खराब झालेला भाग बदलून नवा बसतो, आणि एका शर्यतीपासून दुसरीपर्यंत गाडी नव्याने सजवली जाते. माझ्या गाडीचे तेच दार पुढची पाच वर्षे राहणार आहे.

वजनाचा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि तो करायला हवा असे प्रत्येकाला सांगेन. टेपने मोजल्यावर एस्टीमचा बाहेरचा रंगवायचा पत्रा साधारण ९ चौरस मीटर भरला. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा वाळलेला थर ६० मायक्रॉनचा धरला, तर ९ चौरस मीटरवर अर्ध्या लिटरपेक्षा थोडा जास्त रंग उरतो, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. मॅट आणि तुकतुकीत यांतला फरक या पाऊण किलोच्या आतला आहे, तो काही ग्रॅमांचाच असणार. उलट जुन्या गाडीवर आधीचे चार थर तसेच ठेवून वर रंग मारला, तर एकूण जाडी ४०० मायक्रॉनपर्यंत सहज जाते आणि पाच किलो नुसत्या रंगाचे होतात. लांबीचे तर विचारूच नये: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर लांबी म्हणजे एक लिटर, आणि तिचे वजन पावणेदोन किलोंच्या घरात जाते. ज्याला खरोखर वजन कमी करायचे आहे त्याने जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवावा आणि ठोकाठोकीचे काम नीट करून लांबी कमीत कमी लावावी. मी या वेळी दोन्ही दारे आणि मागचा डावा फेंडर पत्र्यापर्यंत उतरवला. त्याला तीन रविवार लागले आणि ते तिन्ही रविवार सत्कारणी लागले असे मी मानतो.

निवड पुन्हा डोळ्यांनी करायची नाही, असे ठरवले होते. शेडच्या पलीकडच्या गल्लीत आयुष्यभर गाड्या रंगवलेले एक पेंटरकाका राहतात. त्यांनी मला सांगितले, “आधी एखादी जुनी डिकी आणा, तिच्यावर मारून बघा, आणि मग तिचे हाल करा.” मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक डिकी आणली, तिला प्रायमर मारला आणि मास्किंग टेपने चार पट्टे पाडले. पहिल्यावर थेट तुकतुकीत पांढरा पीयू, दुसऱ्यावर पांढरा बेस कोट (रंगाचा खालचा थर) आणि वर क्लिअर (पारदर्शक थर), तिसऱ्यावर सॅटिन पीयू आणि चौथ्यावर आधीचाच मॅट काळा. दहा दिवस थांबलो, कारण पीयू काही तासांत हाताला वाळला तरी पेट्रोलला दाद न देण्याइतका पक्का व्हायला साधारण आठवडा घेतो. त्यानंतर त्या डिकीवर पेट्रोलचे फडके ठेवले, ब्रेक ऑइलचे थेंब टाकले, स्पर्धेच्या नंबरांचे स्टिकर चिकटवून उन्हात तापवून ओढून काढले, मुरुमाचा चिखल वाळू देऊन ब्रशने घासला, आणि कोनाचा तुकडा दाबून फिरवला.

मॅट पट्ट्याचा निकाल मला ठाऊकच होता. सॅटिनने पेट्रोल सहन केले, चिखलही बऱ्यापैकी सोडला, पण घासलेल्या जागी चकाकी वाढलेली तिरक्या उजेडात दिसत होती. मॅटचाच दोष सौम्य रूपात. स्टिकर मॅटवर धड चिकटलाच नाही, कारण खडबडीत पृष्ठभागावर गोंदाला पुरेसा स्पर्श मिळत नाही. तुकतुकीत पट्ट्यांवर तो घट्ट बसला आणि तापवल्यावर अख्खा निघाला. ब्रेक ऑइल मात्र कोणत्याच पट्ट्याचे मित्र नाही. ते ग्लायकॉलच्या जातीचे असल्यामुळे पाण्यात मिसळते, म्हणून सांडल्याबरोबर भरपूर पाणी ओतणे हाच उपाय आहे; तासभर ठेवलेल्या थेंबाखाली चारही रंग मऊ पडले. कोनाचा नारिंगी पट्टा दोन्ही तुकतुकीत पांढऱ्यांवरून कंपाउंडच्या चार फेऱ्यांत गेला आणि खाली काहीही खूण उरली नाही.

पत्र्यातले चढउतार लपवण्याचे काय, हा प्रश्न अजून उरला होता, आणि त्याचे उत्तर त्या डिकीने मला अनपेक्षितपणे दिले. डिकीच्या मधोमध एक उथळ पोचा होता आणि तो मी मुद्दाम भरला नव्हता. तुकतुकीत पांढऱ्या पट्ट्यात तो जवळजवळ दिसत नव्हता. नंतर शेजारी थोडा तुकतुकीत काळा मारून पाहिला तेव्हा तोच पोचा खड्ड्यासारखा दिसू लागला. समोरून पाहताना कोणत्याही रंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्केच प्रकाश आरशासारखा परततो. तो पांढऱ्यावरही तेवढाच आणि काळ्यावरही तेवढाच. पण पांढऱ्या थरातले टायटॅनियम डायऑक्साइड उरलेला बहुतेक प्रकाश चहूकडे विखरून परत पाठवते, आणि त्या उजेडात हे चार टक्के बुडून जातात. काळ्यात मागून काहीच परत येत नाही, म्हणून ते चार टक्केच डोळ्यांना दिसतात आणि पत्र्याची प्रत्येक लाट उघडी पडते. मॅटकडून मी जी मदत मागत होतो ती रंग पांढरा ठेवूनही मिळते, आणि वर धुण्या-पुसण्याची व दुरुस्तीची सोय राहते, हे लक्षात आल्यावर माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

पांढऱ्यातही मारुतीचा ‘सुपीरियर व्हाइट’ घेतला. तो सॉलिड रंग आहे, त्यात मेटॅलिकचे कण नाहीत, आणि ठाण्यातल्या कोणत्याही गाडीच्या रंगाच्या दुकानात तो मिळतो. मेटॅलिकमध्ये कण कोणत्या दिशेने आडवे पडतात हे गनच्या अंतरावर आणि दाबावर ठरते, त्यामुळे एका दाराची दुरुस्ती शेजारच्या पॅनेलपर्यंत मिसळत न्यावी लागते. रेसच्या गाडीला ते परवडत नाही. पिवळ्या आणि लाल सॉलिड रंगांचाही विचार केला होता, पण त्यांतले बरेच रंग पातळ झाकतात, खालचा प्रायमर दिसू नये म्हणून चार-पाच हात द्यावे लागतात, आणि जाडीबरोबर ओघळ येण्याची भीती वाढते. पांढरा तीन हातांत भरला.

बेस कोट आणि क्लिअरचा पट्टा दिसायला सर्वांत सुंदर होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही मी थेट तुकतुकीत पीयू घेतला, कारण त्यात वरपासून खालपर्यंत एकच थर असतो. खडा लागून टवका उडाला तर छोट्या गनने किंवा ब्रशने तोच रंग लावून, वाळल्यावर घासून पॉलिश करता येतो. क्लिअर असता तर बेस वेगळा, क्लिअर वेगळा आणि दोन्हींच्या कडा मिसळण्याची कसरत वेगळी.

आता एक गोष्ट जी रंगाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. हा पीयू टू-के असतो, म्हणजे रंग आणि तो टणक करणारा हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा; त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते. फवाऱ्याच्या धुक्यातून ते फुप्फुसांत गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. त्याला इशारा देणारा ठळक वास नसल्यामुळे साध्या मास्कची गाळणी संपली हे कळतही नाही. म्हणून बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंगाचा सूट यांशिवाय मी गन हातात घेतली नाही, आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे शेजाऱ्यांची मुले खेळतात तिथे, हे काम कोणीही करू नये असे माझे ठाम मत आहे. ज्याच्याकडे अशी जागा आणि मास्क नाही त्याने सिंथेटिक इनॅमल रोलरने पातळ हातांनी लावावे, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि शेवटी घासून पॉलिश करावे. तो पीयूइतका टणक होत नाही आणि पेट्रोलला कमी टिकतो, पण तोही तुकतुकीत असतो, दुरुस्त होतो, आणि त्यासाठी फुप्फुसे पणाला लावावी लागत नाहीत.

हवेचाही चकाकीशी थेट संबंध आहे. ठाण्याला एका बाजूने खाडी, त्यामुळे हवेत ओल भरपूर. हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन वायूचे सूक्ष्म बुडबुडे सुटतात आणि वाळलेल्या थराची तुकतुकी मरते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी नळीतून आले तरी तेच होते. जानेवारीत सकाळी पत्रा थंड असतो आणि त्यावर दव धरते, म्हणून मी अकरापर्यंत थांबे, पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी गरम आहे याची तापमापकाने खात्री करे, टाकीतले पाणी काढे आणि दुपारी तीनच्या आत गन धुऊन ठेवे. शेडच्या दोन्ही बाजूंना मच्छरदाणीचे कापड लावले, जमीन ओली केली आणि साधे पंखे बंद ठेवले, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि मोटरची एक ठिणगी तिला पुरते. घोडबंदर रोडच्या बांधकामांची धूळ तरीही आलीच. क्लिअर नसलेल्या रंगावर बसलेले धुळीचे कण आठवड्यानंतर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने अलगद काढून पॉलिश करता आले, आणि संत्र्याच्या सालीसारखा जो थोडा पोत आला होता तोही त्यातच उतरला.

मॅट मी पूर्णपणे सोडलेला नाही. बॉनेटच्या वरच्या भागावर आणि डॅशबोर्डवर मॅट काळा ठेवला आहे, कारण समोरून ऊन आले की तुकतुकीत पांढऱ्या बॉनेटवरून चालकाच्या डोळ्यांत तिरीप येते. जुन्या रॅलीच्या गाड्यांची बॉनेटे याच कारणाने काळी मॅट असत. तिथे ओरखडे कमी पडतात आणि फरक दिसला तरी चालतो. इंजिनाच्या खोलीला मात्र पांढराच दिला आणि रोलकेजला फिकट राखाडी. तेलाची गळती पांढऱ्यावर लगेच दिसते, आणि वेल्डच्या सांध्याजवळ केसाएवढी चीर पडली तर फिकट रंगावर ती काळ्या रेघेसारखी उठते. स्पर्धेआधीच्या तपासणीत कोणी ती दाखवण्यापूर्वी आपल्यालाच दिसलेली बरी.

मार्चमध्ये पहिल्या स्पर्धेला उजवे दार एका लोखंडी खांबाला घासले. रंग हाताच्या पंजाएवढ्या जागेत पत्र्यापर्यंत गेला. पुढच्या रविवारी मी ती जागा घासून, प्रायमर मारून, उरलेल्या डब्यातला सुपीरियर व्हाइट दोन हात दिला, आठवडाभराने कडा पॉलिश केल्या आणि नंबरचा स्टिकर पुन्हा लावला. पेंटरकाकांना बोलावून दार दाखवले तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिले आणि घासले कुठे होते ते मला विचारले. उरलेला रंग मी काठोकाठ भरलेल्या लहान डब्यात, वर तारीख लिहून ठेवला आहे. हार्डनर मात्र ठेवला नाही. एकदा उघडलेला डबा हवेतली ओल खेचून बिघडतो, म्हणून तो दर वेळी लागेल तेवढाच, नवा आणायचा.